सासूबाईंनी उधळलेली माझी शोकांतिका

आमच्या घरात लेखक एकच आहे आणि वाचक एकही नाही.

लेखक म्हणजे मी. मोशीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझं साहित्य कुकरच्या दोन शिट्ट्यांमधल्या वेळात जन्माला येतं. नवरा सुहास पहिल्या शिफ्टसाठी चाकणच्या कंपनीची बस गाठायला पळाला आणि सासूबाई गॅलरीतल्या तुळशीकडे गेल्या, की मी ओट्यापाशी उभ्या उभ्या कॅलेंडरच्या पानामागे एखादं वाक्य खरडते. भेंडी चिरताना विशेषण सुचतं. दूध उतू जाताना कथेचा शेवट सुचतो. (दूध जातं, शेवट राहतो. मला हा सौदा मान्य आहे.) दिवसात असं एक वाक्य जमलं, तरी मी संध्याकाळपर्यंत गुणगुणत असते. सुहासला वाचायला दिलं तर तो "छान आहे" म्हणतो आणि पान उलटून चतुर्थी कधी आहे ते बघतो.

तर अशा या उपेक्षित प्रतिभेला एकदा सुरक्षा सप्ताहाने हाक मारली. सुहासच्या कंपनीत हा सप्ताह दरवर्षी होतो. प्रत्येक डिपार्टमेंट सुरक्षेवर एक नाटिका बसवतं आणि ती बघायला घरच्यांनाही बोलावतात. प्रेस शॉपची, म्हणजे सुहासच्या डिपार्टमेंटची नाटिका नेमाने शेवटची यायची. ती त्याचे सहकारी गायकवाडभाऊ लिहायचे. तिच्यात सगळे एका रांगेत उभे राहून नियम म्हणायचे आणि मग तशाच रांगेत निघून जायचे. त्या वर्षी सुहास चहाच्या सुट्टीत सहज बोलून गेला की माझी बायको लिहिते. संध्याकाळी गायकवाडभाऊ पेढे घेऊन दारात हजर!

मी तीन कुकरांत नाटिका लिहून काढली. किसन नावाचा कामगार हेल्मेट घालायचा कंटाळा करतो, क्रेनवरचा साचा डोक्यात पडतो आणि किसन मरतो. मग त्याची बायको येऊन असा काही टाहो फोडते, की प्रेक्षकांना आयुष्यभर हेल्मेट काढायची छाती होऊ नये. किसनचं काम अर्थातच लेखिकेच्या नवऱ्याला मिळालं. गायकवाडभाऊ सुपरवायझर झाले. बायको मी स्वतः झाले, कारण तो टाहो परक्या हातात द्यायची माझी तयारी नव्हती.

तालमी आमच्या गच्चीवर सुरू झाल्या. वाळत घातलेल्या चादरींच्या मधोमध उभे राहून गायकवाडभाऊ माझं वाक्य म्हणाले, "किसन, घरी तुझी कुणीतरी वाट बघतंय." माझ्या अंगावर काटाच आला. कॅलेंडरमागचं वाक्य एका जित्याजागत्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळणं, यापरतं सुख मला अजून ठाऊक नाही. मी ते त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. शेवटी ते म्हणाले, वहिनी, आता बस करा, घरी माझीबी कुणीतरी वाट बघतंय.

घोळ झाला तो सासूबाई पापड वाळत घालायला गच्चीवर आल्या तेव्हा. त्यांच्या डोळ्यांदेखत साचा म्हणून रुपेरी कागद लावलेला टीव्हीचा खोका सुहासच्या डोक्यात पडला आणि सुहास मेला. सासूबाईंनी पापडाची परात तिथंच खाली ठेवली. त्या चाकणजवळच्या खेड्यातल्या, बोलणं सरळसोट.

"माझं लेकरू मरायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

मी समजावलं, की सुहास नाही, किसन मरतो. त्या म्हणाल्या, किसन कुणाचा का असंना, पडतंय तर माझंच लेकरू. मग रीतसर वाटाघाटी झाल्या. त्या पाय मोडायला तयार होत्या. बेशुद्ध पाडायलाही हरकत नव्हती, फक्त संध्याकाळच्या आत शुद्धीवर आणायचं. मी कलेसाठी अडून बसले. मरणाशिवाय शोकांतिका होत नाही, हे मी त्यांना निरनिराळ्या प्रकारे सांगून पाहिलं.

"मग ह्या गायकवाडाला मार की," सासूबाईंनी तोडगा काढला.

"काकू, मलाबी आई हाय," गायकवाडभाऊ घाईघाईने म्हणाले.

त्या दिवसापासून प्रत्येक तालमीनंतर सासूबाई मेलेल्या मुलाची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढू लागल्या. प्रयोगाला त्यांना न्यायचंच नाही, असं मी आणि सुहासने हळू आवाजात ठरवलं. प्रयोगाच्या दिवशी आम्ही कोपऱ्यावर पोचलो, तर कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर नवं लुगडं नेसून सासूबाई आधीच बसलेल्या.

कंपनीच्या कँटीनमध्ये स्टेज घातलं होतं. आमची नाटिका सुरू झाली आणि खरं सांगते, माझे पाय जमिनीवर नव्हते. लोक ऐकत होते! पोरंबाळं गप्प होती. खोका पडला, किसन कोसळला आणि मी विंगेतून धावत जाऊन टाहो फोडला. समोर दुसऱ्या रांगेतल्या एका धिप्पाड गृहस्थांनी रुमाल काढला. नंतर कळलं की ते सेफ्टी ऑफिसर, कधी हसलेलेही कुणी पाहिले नव्हते. आणि त्यांना मी रडवत होते. आपण थोर लेखिका आहोत, अशी माझी त्या क्षणी खात्रीच पटली.

तेवढ्यात स्टेजच्या पायऱ्यांवर चपला वाजल्या.

सासूबाई शांतपणे वर आल्या. कनवटीची पुरचुंडी सोडून त्यांनी मृतदेहावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, कडेला टांगलेल्या आग विझवायच्या वाळूच्या लाल बादलीत टाकल्या आणि मुलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सुहास, ऊठ."

सुहासने एक डोळा उघडला. "आई, मी मेलोय," तो कुजबुजला. त्याच्या कॉलरला माइक होता, हे तो विसरला होता. सगळ्या कँटीनने ऐकलं.

"मेलायस तर बोलतोस कसा? ऊठ म्हनलं न्हवं."

आमच्या घरात त्या दुसऱ्या हाकेनंतर कुणी आडवं राहिलेलं नाही. सुहास उठला, वर कपडेही झटकले. कँटीन हसून फुटायची बाकी होती. मी शोकांतिका वाचवायची शिकस्त केली. "अहो, तुम्ही जिवंत!" असं आयत्या वेळचं वाक्य मी फेकलं. (इतक्या दिवसांत लिहिलेलं माझं सर्वांत वाईट वाक्य.) गांगरलेल्या गायकवाडभाऊंना काहीतरी बोलणं भाग होतं. ते प्रेक्षकांकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "म्हणून हेल्मेट घालावं." किसनने ते घातलं नव्हतं, एवढीच काय ती नाटिकेची गोष्ट होती!

मग सासूबाईंनी गायकवाडभाऊंच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं, लेकाच्या डोक्यावर घातलं आणि हनुवटीखालचा पट्टा आवळला.

"कंपनी फुकाट देती, तर घालाया काय झालं रं? मागं आमी बसलोय ना घरी."

टाळ्या थांबेनात. सेफ्टी ऑफिसर उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मघाच्याच रुमालाने हसण्याचं पाणी पुसत होते. प्रेस शॉपला पहिला नंबर मिळाला. ढालीवर 'सर्वोत्कृष्ट विनोदी नाटिका' अशी चिठ्ठी तिथल्या तिथे चिकटवली गेली. ढाल देताना कंपनीचे मोठे साहेब मला म्हणाले, "मॅडम, विनोदाची तुमची जाण फार सूक्ष्म आहे. शेवटपर्यंत कळू दिलं नाहीत."

परतीच्या बसमध्ये मला रडू यायला हवं होतं. पण सगळी बस तो प्रसंग एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगत होती, सुहास मागणीनुसार मरून दाखवत होता, सासूबाई त्याला उठवत होत्या आणि मीच सगळ्यांत मोठ्याने हसत होते. इतक्या माणसांना मी आजवर कशानेच आनंद दिला नव्हता.

यंदाचा सप्ताह जवळ आलाय. परवा गायकवाडभाऊ पेढे घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, यंदाबी असलंच काहीतरी काळीज पिळवटणारं लिवा. पोरांना लई हसायचंय."

मी कामाला लागलेय. यंदा दोघांना मारतेय.