माझ्या हातचा प्रसाद

"तुझ्या हातचा प्रसाद कोण खाणार? आधी ते हात घासून ये."

सुपरवायझर मॅडम हे सगळ्या लाइनसमोर बोलल्या. गेल्या वर्षीची खंडेनवमी. चाकणजवळच्या आमच्या कंपनीत त्या दिवशी ज्याने त्याने आपलं मशीन पुसायचं, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि खोबरं सगळ्यांना वाटायचं, असा रिवाज आहे. वायरच्या टोकाला पिन दाबून बसवणारं माझं मशीन मी सहा वर्षं चालवत होते. त्या दिवशी माझा नारळ दुसरीने फोडला.

माझ्या हातांवर लाल चट्टे होते, त्यावर पांढरे पोपडे. बायका डबा खायला माझ्याजवळ बसत नव्हत्या. मॅडम निगडीच्या बंगल्यातल्या, शिकलेल्या. त्या म्हणतात म्हणजे घाणच असणार, असं मला वाटलं. तेव्हा राग आलाच नाही, नुसती लाज वाटली. त्याचीच आज चीड येते.

मी खरंच घासले हात. कंपनीच्या बाथरूममध्ये ग्रीस काढायची पावडर असते, ती घेतली आणि भांड्यांची तारेची घासणी. पोपडे निघाले, खालून रक्त आलं. दुसऱ्या दिवशीही घासले. महिनाभर रोज. घरची कढईसुद्धा मी कधी एवढी घासली नव्हती. चट्टे कोपरापर्यंत चढले. बोटं अशी चिरली की पिन धरता येईना.

शेवटी सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझा हात आपल्या उघड्या हातात घेतला. किती दिवसांनी कुणी धरला होता. मी रडले.

"हा सोरायसिस. एकाचा दुसऱ्याला लागत नाही," त्या म्हणाल्या. "घासलेस कशाला? घासूनच वाढलाय."

कोमट पाणी. सौम्य साबण. टॉवेलने टिपायचं, रगडायचं नाही. हात ओलसर असतानाच मलम लावायचं. पोपडा ओढायचा नाही. कामावर रबरी हातमोज्याच्या आत सुती हातमोजा. आजार मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

घरी मलम लावताना पहिल्यांदाच मला माझ्या कातडीची दया आली. तिचा काय गुन्हा? दुसऱ्यांची किळस मी तिच्यावर काढली होती. हळूहळू चिरा भरल्या. चट्टे राहिले.

यंदाच्या खंडेनवमीला मॅडमनी पुन्हा माझ्या मशीनचा नारळ दुसऱ्या बाईकडे दिला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"मॅडम, मशीन मी चालवते. पूजा मीच करणार. हा रोग कुणाला लागत नाही. डॉक्टरांचा कागद आणलाय."

"तमाशा करू नकोस."

मी नारळ फोडला. खोबरं घेऊन लाइनभर फिरले. बऱ्याच जणींनी मान फिरवली. जवळच्याच गावातल्या सुमनकाकूंनी तेवढा हात पुढे केला. "आण गं हिकडं. काय हुत न्हाई मला." मग मी मॅडमसमोर ताट धरलं.

"टेबलावर ठेव."

"प्रसाद हातात घेतात," मी म्हणाले. "नको असेल तर सगळ्यांसमोर नको म्हणा."

त्या पाठ फिरवून केबिनमध्ये गेल्या. माझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतं. पुन्हा घेणार नाहीत, हे मला कळतं. घरी दोन लेकरं आहेत, भीती वाटते. तरी दुसऱ्या कंपनीच्या गेटवर मी बाह्या दुमडूनच उभी राहीन. विचारलं तर रोगाचं नाव सांगेन. काम देवोत न देवोत, कुणाच्या किळसेपायी ही कातडी मी पुन्हा रक्तबंबाळ करणार नाही.