पाण्यात ठेवलेलं हाड

कुणी नवा माणूस प्रयोगशाळेत आला की आमचे सर चष्मा कपाळावर ढकलून आधी विचारायचे, "कुणाचे तुम्ही? नातं कुठं लागतं?" तुम्ही म्हणाल, हे तर मराठवाड्यात सगळेच विचारतात. पण आमचे सर डायनासोरांबद्दलही हेच विचारायचे!

मी कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेचा शिपाई. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. सर म्हणायचे, "आपण कालपरवा उस्मानाबादेतून फुटलो, तरी अर्जावर जिल्हा कोणता लिहावा कळंना. हे दक्षिणेकडचे चिलखती डायनासोर तर हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका एकाच घरात होते तेव्हाचे. उत्तरेकडच्यांचे सख्खे भाऊबंद, का लई आधी वेगळी चूल मांडलेले? कुणालाच ठाऊक न्हाई. एक हाड पायजे, बाबा."

त्या वर्षी दुष्काळ पडला आणि ते हाड निघालं. शिरूर अनंतपाळकडच्या एका गावात विहीर खोल करताना, काळ्या दगडाखालच्या मातीत. भाकरीएवढं, मधोमध उंचवटा. पाठीवरच्या चिलखताचा तुकडा! आम्ही जीपनं पोचलो आणि सरांनी बघताच ओळखलं. पण गावानं तोवर त्याला बेल वाहिला होता.

"महादेव निघाला, सर," गावातले म्हातारे अप्पा म्हणाले. "सोमवार होऊ द्या. मंगळवारी न्या."

मी कानाशी लागलो, "सर, आत्ताच मागून घ्या. जीप हाय."

सरांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "बेल वाहिलाय रे त्यांनी. कसं उचलू?"

असा राग आला मला त्यांचा!

मंगळवारी गेलो. पाऊस पडावा म्हणून देव पाण्यात ठेवतात, तसं गावानं ते हाड घंगाळात ठेवलं होतं. घरटी एकेक तांब्या पाणी आणून घंगाळ भरलेलं. सुक्या मातीनंच इतकी वर्षं धरून ठेवलेलं भुसभुशीत हाड भिजून पार चिखल झालं होतं. अप्पा शेजारी बसून रडत होते.

"पाप झालं का हो, सर?"

सर खाली बसले. "न्हाई अप्पा. प्यायचं पाणी दिलंत तुम्ही त्याला."

तळाचा गाळ त्यांनी हातांनी बरणीत भरला. येताना मी म्हणालो, "दुसरं निघंल, सर." "निघंल की," म्हणाले. निघालं नाही. पुढं दर उन्हाळ्यात विहिरी बघत हिंडले आणि नोकरीतच गेले.

त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी कपाट आवरताना बरणी उचलली. "हे काय आहे?"

सगळं सांगायला मी तोंड उघडलं. पण सांगू काय? नातं कुठं लागतं, ते सरांनाच कळलं नव्हतं.

"माती, साहेब."

"मग कुंडीत टाक."

मी टाकली.