बोलणारे फोन आणि मुके फोटो

आम्हा आंधळ्यांचे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपोआप साठत जातात. पूर्वी निदान ते आमच्या आमच्यात राहायचे. फोन बोलायला लागले आणि सगळ्या गावाला ऐकू जायला लागले! स्क्रीनवर बोट फिरवायचं, बोटाखाली जे येईल ते फोन वाचून दाखवतो. सॉफ्टवेअर एवढंच. पण त्याला जागा कळत नाही, वेळ कळत नाही, आणि ऐकणाऱ्याचं तोंड कसं झालंय हे तर त्याला आमच्याइतकंच दिसतं.

मी विमल. नांदेडच्या एका सरकारी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर. शेजारच्या खुर्चीत मिलिंद, जळकोटचा, तोही ऑपरेटर. तिसरे बशीरचाचा. ते मुदखेडहून येतात, ऑफिसातल्या वेताच्या खुर्च्या विणून देतात आणि काम संपलं तरी आमच्या खोलीतून हलत नाहीत. तिघांनाही दिसत नाही. एकदा झाडूवाली दारातूनच ओरडली, "अगं बया, अंधारात बसून राहिलात की वो! लाइट गेलीय!"

चाचांनी विचारलं, "कब से?"

*

माझ्या फोनचा वेग मी भरपूर वाढवून ठेवलाय. एकदा सवय झाली की हळू बोलणारा फोन सहन होत नाही. डोळस माणसाला मात्र त्यातलं काही कळत नाही, नुसती किरकिर ऐकू येते.

एकदा चार्जिंग होईना म्हणून फोन दुरुस्तीला दिला. संध्याकाळी आणायला गेले तर दुकानदार भलताच खुशीत. "ताई, चार्जिंगचं झालं बगा. अन् आतमधी काहीतरी बडबड करून राहिलं होतं. व्हायरस होता. लई खटपट केली, पण काढलाच!"

मी फोन हातात घेतला. बोट फिरवलं. हूं नाही की चूं नाही.

"दादा," मी म्हटलं, "माझा व्हायरस मला परत द्या."

*

बशीरचाचांचं उलटं. त्यांचा फोन सावकाश बोलतो आणि आवाज फुल्ल. इयरफोन त्यांना आवडत नाही. "कान भी बंद कर लूं तो बचा क्या मेरे पास?" हे त्यांचं म्हणणं.

त्यांच्या मुलीचं स्थळ चाललं होतं. मुलाकडचे येऊन गेले होते, पसंती दिसत होती. मुदखेडच्या बसमध्ये चाचांचा फोन वाजला. चाचांनी उत्साहानं मेसेज उघडला आणि त्या फोनमधल्या बाईनं गच्च भरलेल्या बसला तो वाचून दाखवला. लडकी अच्छी है, पण बाप अंधा है, उद्या त्याचं ओझं आमच्या पोरावर येईल, म्हणून नको. पूर्णविराम आला तिथं ती नीट थांबली, स्वल्पविरामालासुद्धा थांबली.

कंडक्टर जवळ आला आणि चाचांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चाचा, बसा खिडकीपाशी."

दुसऱ्या दिवशी चाचांनीच हे आम्हाला सांगितलं. वर म्हणाले, "कुछ भी बोलो विमलबेटी, इत्ते प्यार से आज तक मेरे कू किसीने गाली नै दी!"

आम्ही हसलो. चाचा हसले नाहीत, त्यांनी विणायची खुर्ची पुढे ओढली.

*

आता मिलिंदच्या अक्काबद्दल सांगायला हवं. अक्का ही त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, याला अक्कानंच वाढवलं. नवरा वारल्यापासून ती जळकोटला भावाकडे, दादारावकडे राहायची. त्यांच्या घरच्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. सकाळी सगळ्यांचे 'जय भीम' येतात आणि मग दिवसभर फोटो. फोटो आला की आमचा फोन एवढंच म्हणतो, "फोटो." त्यात माणूस आहे की म्हैस, काही नाही.

तर ही बाई उतारवयात टायपिंग शिकली. कशासाठी? प्रत्येक फोटोखाली मिलिंदसाठी लिहायला. "मिल्या, हे आपलं सोयाबीन हाय. गुडघ्याएवढं आलंय." "मिल्या, ही दादारावची नवी गाडी. मडगाड आत्ताच चेपलंय." मिलिंद फोन कानाला लावून ऐकायचा आणि मग आम्हाला सांगायचा, जणू आत्ताच शेतावर जाऊन आलाय.

एकदा भावजयीनं स्वतःचा फोटो टाकला. अक्कानं खाली लिहिलं, "ही तुझी वहिनी. साडी नवी हाय. रंग बरा हाय. बाई लई जाड झालीय."

ग्रुप सगळ्या भावकीचा! घरात जे भांडण पेटलं ते विचारू नका. अक्का हटली नाही. म्हणाली, "मी आंधळ्यासाठी लिहिलं. तुमाला डोळे हायत ना? मग तुम्ही कशाला वाचता?"

*

फोटोंनी चाचांनाही दगा दिला. मुदखेडला एक फर्निचरवाला आहे, चाचांना काम देणारा. त्याच्या ग्रुपवर एका सकाळी फोटो आला आणि पाठोपाठ हात जोडल्याची चिन्हं, ती फोननं वाचली, "जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात." चाचांना वाटलं, नवं दुकान काढलं असणार. त्यांनी बोलून मेसेज टाकला, "मुबारक हो सेठ! मिठाई कब?"

फोटोवर फर्निचरवाल्याचे वडील होते. चारही बाजूंनी फुलांची चौकट आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

चाचा माफी मागायला गेले तेव्हा तो सेठ रडता रडता हसला म्हणे. "चाचा, मिठाई तेराव्याला. याच तुम्ही."

त्यानंतर आम्ही तिघांनी कानाला खडा लावला. फोटो आला आणि जोडलेले हात ऐकू आले, की आधी कुणाला तरी विचारायचं, मगच तोंड उघडायचं. चाचा चहावाल्याला विचारतात, मी माझ्या लेकीला. मिलिंद अक्काला.

*

मग अक्का आजारी पडली. आधी पोटात दुखतंय म्हणून घरगुती औषधं झाली, मग लातूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. कॅन्सर. तिचे केस गेले, वजन गेलं. मिलिंद सुट्टीला लातूरला जाऊन तिच्या कॉटशी बसायचा.

फोनमध्ये एक ॲप असतं, कॅमेरा समोर धरला की काय आहे ते सांगतं. मिलिंदला कुणी नीट सांगेना की अक्का कशी दिसते. "बरी हाय की," सगळे म्हणायचे. म्हणून त्यानं कॅमेरा तिच्यासमोर धरला. फोन म्हणाला, "एक पुरुष. वय अंदाजे सत्तर."

अक्का पन्नाशीतली. मिलिंदनं घाईघाईनं फोन खाली घेतला. तेवढ्यात कॉटवरून आवाज आला, "चला! म्हंजे आता बाप्यावानी वट्ट्यावर बसून बिडी वढायला मोकळी झाले मी!"

हे सांगताना मिलिंद आधी हसला, मग त्यानं खुर्ची माझ्याकडे ओढली. म्हणाला, "विमलताई, घरात काही झालं ना, तर सगळ्यांना वाटतं की मिल्याला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असंल. सांगती ती एकटी अक्का. ती गेली तर मला घरचं कोण सांगंल?"

"ती काही जात नाही," मी म्हटलं. खोटं बोलणं किती सोपं असतं!

*

दवाखान्यातूनही तिचं लिहिणं सुरू होतं. शब्द कमी झाले होते. "मिल्या, खिडकी हाय. कबुतर हाय." बस्स.

एक दिवस दादारावच्या पोरानं तिच्या रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकला, भावकीत कुणीतरी कंपाउंडर आहे त्याला दाखवायला. आमच्या खोलीत मिलिंदचा फोन म्हणाला, "फोटो." नेहमीप्रमाणे त्यानं लिहिलं, "अक्का, फोटोत काय हाय?"

उत्तर यायला वेळ लागला. मग फोननं वाचलं, "कागद हाय. डॉक्टरचं अक्षर हाय. मला बी दिसंना."

रिपोर्ट कॉम्प्युटरवर छापलेले असतात हे मला माहीत होतं. मिलिंदलाही माहीत होतं. त्यानं उत्तर पाठवलं, "मंग ऱ्हाऊ दे. डोळ्यांला ताण देऊ नको."

मला त्या दोघांचा राग आला आणि रडूही आलं. नेमका तेव्हाच बोर्डावर कुणीतरी साहेबांची लाइन मागितली.

*

त्या सोमवारी मिलिंद मजेत होता. शनिवारी लातूरला अक्कानं त्याच्या हातचा वरणभात खाल्ला होता, दोन घास जास्तीचे. तो आल्या आल्या तेच सांगत होता. चाचा खाली बसून वेत भिजवत होते.

मिलिंदचा फोन टेबलावर होता. माझ्यासारखाच जलद बोलणारा, त्यामुळे आत येणाऱ्या शिपायाला नुसती किरकिर ऐकू आली असणार. मला सगळं कळत होतं.

"दादाराव. फोटो."

मिलिंद वरणभाताचं सांगतच होता.

"संतोष. जोडलेले हात. जोडलेले हात. काकू. जोडलेले हात. राहुल. जोडलेले हात. जोडलेले हात. जोडलेले हात."

खाली चाचांचा वेत थांबला. मी म्हटलं, "मिलिंद, फोन..." तो हसून म्हणाला, "थांबा ताई, चाचांसारखं नको व्हायला. आधी विचारतो." आणि त्यानं फोन उचलला. फोन बडबडतच होता, कुणाकुणाची नावं, कुणाकुणाचे हात. त्यानं ग्रुप उघडला, एकेक अक्षर शोधत लिहिलं आणि पाठवलं.

"अक्का, फोटोत काय हाय?"

त्यानंतर तो फोन गप्प झाला.