पेव ऐकणारे चाचा

कुणाच्याही अंगणात शिरले की चाचा आधी चप्पल काढायचे आणि टाच जमिनीवर आपटायचे. दोनदा. मग मान तिरकी करून ऐकायचे. रामराम, पाणी, चहा, सगळं त्यानंतर. "भरीव हाय, बांधा," म्हणाले की घरमालकाचा जीव भांड्यात पडायचा. "खाली पेव हाय," म्हणाले की पाया चार हात पलीकडे सरकायचा.

पाथर्डी तालुक्यातल्या त्या गावाचं जुनं गावठाण अशा पेवांनी पोखरलेलं आहे. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. वर जेमतेम माणूस उतरेल एवढं तोंड, खाली खोलीएवढं पोट. कितीतरी पेवं आजा-पणज्यांच्याही आधीपासून बुजलेली. चाचांचा धंदा विहिरी खणायचा, पण घर कुणाचंही असो, चाचांना बोलावल्याशिवाय कुदळ मारायची नाही, ही गावची रीतच होती. या कामाचे ते काही घेत नसत. चहा मात्र दोन कप लागायचा, आणि तोही गोडमिट्ट.

मी तिथल्या ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवायचो. 'निजामशाहीतील यादवीचे समाजावर व अर्थव्यवस्थेवर झालेले परिणाम', मार्क पाच. शेती ओस पडली, व्यापार बुडाला, कारागीर परागंदा झाले. हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं, आणि पोरं झोपेतच उतरवून घ्यायची.

एकदा पारावर चाचांनी विचारलं, "सर, शेती वस पडली म्हंजी काय झालं वो?"

"म्हणजे लोकांनी पेरणं सोडलं."

"का सोडलं?"

पुस्तकात तेवढंच होतं हो!

"मी सांगतो," चाचा म्हणाले. "एका गादीवर चार जण टपलेले. सकाळी ह्याची फौज, सांच्याला त्याची. दोगंबी म्हननार, आमीच सरकार. भुईत भाले खुपसत फिरायचे. भाला आत गेला की पेव घावलं. न्हाई घावलं तर मालकाची बोटं तोडायची, एकेक. मग कशाला कोन पिकवतंय? डोक्यावर घिऊन पळता येईल तेवढंच पेरायचं."

"हे कुठे वाचलंत?"

"वाचायला येतंय कुनाला? बाप सांगायचा."

माझ्या एम.ए.ची हवाच गेली. तुम्हीही कधी नोट्स लिहून दिल्या असतील तर तुम्हाला कळेल.

गेल्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीसाठी गावठाणात जेसीबी लावला. ठेकेदार बाहेरचा. चाचांना विचारायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि दुपारी जेसीबीचं चाक धाडकन खाली गेलं. पेव उघडं पडलं. चाचा आले. जुन्या पेवात विषारी हवा कोंडलेली असते, म्हणून त्यांनी आधी पेटता कंदील दोरीनं आत सोडला. तो विझला नाही, तेव्हा उतरले. वर आले ते पांढरेफटक होऊन.

"आट मानसं हायती," म्हणाले. "दोन बारकी. तोंडाशी समदं काळं पडलंय. लपून बसलेल्यांवर पेटता कडबा टाकला आन् वरनं धोंडा लावला."

बातमी पसरायला कितीसा वेळ लागतोय? अर्ध्या तासात सगळा गाव तिथे. हाडांत एकाला तांब्याचं कडं दिसलं, दुसऱ्याला ताईत. एक बाजू म्हणाली, आमचे पूर्वज, अग्नी देणार. दुसरी म्हणाली, आमचे, दफन करणार. शिव्या झाल्या, काठ्या आल्या, ऊसतोडीचे कोयते आले. एकाच्या खांद्यात कोयता बसला. रक्त बघितलं आणि दोन्हीकडची माणसं चेकाळली. ज्यांच्या लग्नांत मी जेवलो होतो तीच माणसं! मी मागे सरून जेसीबीला चिकटलो, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात चाचा मधे जाऊन उभे राहिले, माझ्या अगदी समोर.

"ऐका रं!" ते ओरडले. "ह्यास्नी फौजेला दावलं कुनी, ठावं हाय का? आमच्या खापरपनज्यानं! स्वताचा जीव वाचवाया त्यानं पेव दावलं. मारायचं तर मला मारा!"

क्षणभर सगळे थबकले. मग एक दगड आला. चाचांच्या कानशिलावर बसला, आणि ते बसकण मारल्यासारखे खाली गेले. गलका थांबला. मघाशी कोयते उगारलेल्या हातांनीच त्यांना उचलून टेम्पोत घातलं, दोन्हीकडच्या.

नगरच्या दवाखान्यात त्यांची लेक उशाशी असायची. ती औषधं आणायला खाली गेली तेव्हा मी विचारलं, "चाचा, खापरपणजोबांचं ते खरं?"

"चारशे वर्सांमागचं कुनाला ठावं, सर? हात उठले हुते त्यांचे. कुटंतरी पडनारच हुते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "दगड कुणी मारला ते मी पाहिलंय," मी म्हणालो.

त्यांनी माझं मनगट धरलं. "नाव घिऊ नका. आज त्याच्या घरावर जातील, उद्या ह्याच्या. माझी आन हाय तुमाला."

मी शब्द दिला. म्हणून तो कुठल्या बाजूचा होता, हे तुम्हालाही सांगत नाही. चाचांचा मला कधीकधी रागही येतो. असलं ओझं माणसानं दुसऱ्याच्या गळ्यात घालावं?

चौथ्या दिवशी चाचा गेले. हाडं सरकारी गाडीतून गेली. त्यांचं पुढे काय झालं, हे दोन्ही बाजूंपैकी एकानंही विचारलं नाही. गावात पुन्हा काठी उठली नाही.

जबाबाला मला चौकीत बोलावलं. दोनशे माणसं तेच सांगून गेली होती. मीही म्हणालो, "धूळ होती. दिसलं नाही." सही केली आणि वळलो, तर दारात चाचांची लेक उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"सर," ती म्हणाली, "तुमी तर अब्बाच्या म्होरंच हुते ना?"