वन्संना कुणी विचारलं नव्हतं

काल मेणबत्ती विझली आणि त्या धुराच्या वासाने बालीगंजचं घर आठवलं. सत्तरच्या दशकात तिथे रोज संध्याकाळी वीज जायची. आंधळ्या वन्संना बराकपूरच्या आश्रमात ठेवायचं का, हे ठरवायला आम्ही मेणबत्तीभोवती बसलो होतो. वन्सं स्वयंपाकघरात होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सुनेने मोठ्यांसमोर बोलायचं नाही, नुसती मान हलवायची, अशी आमच्याकडे रीत. सासूबाईंनी मला विचारलं, "तुझं काय गं?" तेवढ्यात वाऱ्याने मेणबत्ती विझली. मी सवयीने अंधारातच मान हलवली. "वहिनी हो म्हणाली," अगदी माझ्या कानाशी आवाज आला. "झुमके वाजले तिचे. बाबा मघापासून दाढी खाजवतायत, म्हणजे त्यांचं मन होत नाहीये. आता मला विचारा." सासरे म्हणाले, "बोल." "मी जाणार नाही." काडी पेटली तेव्हा वन्सं माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. कधी आल्या, कुणालाच कळलं नव्हतं. त्या शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिल्या. आम्हा दोघींचं काही फारसं पटलं नाही. पण झुमके मी पुन्हा घातले नाहीत, आणि कालही अंधार झाल्यावर माझा हात आधी कानाकडेच गेला.