नूरमहंमद नालबंदाचं रागाचं कार्ड

मिरजगावच्या बाजारतळाला लागून एक हिवराचं झाड होतं आणि त्या झाडापासून शंभर पावलांवर नूरमहंमद नालबंदाचं घर आणि दारातच त्याचा भाता होता. ही शंभर पावलं मी मुद्दाम सांगतोय. त्या माणसाचं निम्मं आयुष्य या शंभर पावलांत गेलं.

बैलाला नाल मारणं हे दुरून सोपं दिसतं. बैलाच्या एका पायाला दोन खुरं, म्हणून पायाला दोन लोखंडी पत्र्या, एका बैलाला आठ. बैल पाडायचा, चारी पाय दोरात आवळायचे आणि दोराचं टोक बैलाच्या मालकानं स्वतः धरून त्याच्या मानेशी गुडघे टेकून बसायचं. मालकाचा वास आला की जनावर निवांत पडून राहतं. आमच्या भागातली ही जुनी रीत. नालबंद खाली मान घालून काम करतो तेव्हा त्याचा जीव मालकाच्या मुठीत असतो, आणि आजवर कुणी ती मूठ सोडली नव्हती.

आबासाहेबांनी सोडली.

जर्मनीची लढाई सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. आबासाहेब म्हणजे गावातलं मोठं खटलं, सहा बैलांची दावण. त्यांना एक बैल विकायचा होता. त्याचा खूर आतून चिरला होता आणि त्यांनी नूरमहंमदला सांगितलं होतं, की पत्री अशी बसव की चीर दिसू नये. नूरमहंमदनं पत्री बसवली. पण गिऱ्हाईक त्याच्यापुढं येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "नालबंद, तुमीच सांगा, खूर कसा हाय?"

"चिरलाय," नूरमहंमद म्हणाला. खुराविषयी खोटं बोलायला त्याच्या बापानं शिकवलं नव्हतं.

सौदा मोडला. आबासाहेब हसले, पान खाल्लं, निघून गेले. पुढच्या बाजाराला दुसरा बैल घेऊन आले. बैल पाडला. पहिला पाय झाला, दुसऱ्या पायाची पहिली पत्री झाली, आणि दोर ढिला पडला. लाथ नूरमहंमदच्या कमरेत बसली.

"हात घसरला," आबासाहेब म्हणाले. आणि संध्याकाळी पारावर म्हणाले, "नालबंदालाच नाल बसली की रे!" सगळा पार हसला.

ते हसू घरापर्यंत आलं. नूरमहंमद बाजेवर पालथा पडून होता, त्यानं ते ऐकलं.

चार महिने तो उठला नाही, आणि पुढंही भिंतीला टेकून बसण्यापलीकडं गेला नाही. हाडवैद्यानं चोळलं, एका हकीमानं लेप दिला, कुणीतरी तापल्या सळईनं कमरेवर पाच डाग दिले. डाग बरे झाले, कमर झाली नाही. हाड जुळलंय, असं सगळे म्हणत. मग दुखतं कुठून, हे कुणाला सांगता येईना. पडून पडून तो एकच काम करी. आबासाहेबाला शिव्या देई. सकाळी उठल्यापासून दिवे लागेपर्यंत. बाज भात्याशेजारी ओढायला लावून त्यानं बायकोकडून निखारे फुलवून घेतले आणि पडल्या पडल्या एक खिळा घडवला, नेहमीच्या खिळ्यापेक्षा बोटभर लांब, टोकाशी किंचित वाकडा. असा खिळा खुरात गेला की आतल्या जिवंत मांसात शिरतो आणि बैल जन्माचा लंगडा होतो. तो खिळा त्यानं टोपीच्या दुमडीत ठेवला. "कधीतरी त्याचा बैल माझ्या हाताखाली येईल," तो म्हणे.

त्याची बायको सरवरी कमी बोलणारी आणि जास्त बघणारी. दोन वर्षं तिनं बघितलं. तिला दिसलं, की आबासाहेबाचं नाव निघालं की नवऱ्याची कमर धनुकलीसारखी ताठते आणि तासाभरात तो कण्हायला लागतो. आणि कुणी बैलाच्या जातींवर बोलायला आलं, की हाच माणूस दोन तास टेकून बसतो, कमरेला हातसुद्धा लावत नाही.

त्या दिवसांत लढाईपायी साखर आणि रॉकेल कार्डावर मिळायचं. एके सकाळी सरवरी भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, आजपास्नं तुमच्या रागालाबी कार्ड."

"काय?"

"तव्यावरची पैली भाकर फुगूस्तवर द्या काय शिव्या द्यायच्या त्या. भाकर फुगली की त्या दिसाचं रेशन संपलं. मंग त्या मानसाचं नाव माझ्या घरात न्हाई."

"येड लागलं का तुला?"

"व्हय. बोला लवकर, फुगाय लागली."

पहिले काही दिवस त्याला पुरेना. मग तो शिव्या निवडून, जपून वापरायला लागला. आबासाहेबाच्या सात पिढ्या एका भाकरीत बसवायच्या म्हणजे कसब लागतं. सरवरी कधी कधी आच कमी करी, म्हणजे भाकरी उशिरा फुगे. एवढी दया तिच्यात होती.

शिव्या झाल्या की चालायचं. पहिल्या दिवशी उंबऱ्यापर्यंत, आठवड्यानं अंगणाच्या कडेपर्यंत. हिवरापर्यंत पोचायला पाच महिने लागले. कळ आली की सरवरी त्याला भात्याजवळ बसवी आणि स्वतः भाता ओढी. भाता भरला की त्यानं श्वास घ्यायचा, भाता रिता झाला की सोडायचा. "निखाऱ्याकडं बघा," ती म्हणे, "कमरेकडं नगा बघू. ती कुटं पळून जात न्हाई." वीस-पंचवीस वेळा भाता हलला, की कळ असे तिथंच असे, पण तिचे दात बोथट झालेले असत.

पुढं तो पुन्हा नाल मारायला बसला. सरवरीनं त्यालाही नियम लावला. दोन पत्र्या झाल्या की उठायचं, हिवरापर्यंत जाऊन यायचं, मग पुढच्या दोन.

"पर मला आत्ता दुखत न्हाई," तो म्हणे.

"दुखल्यावर उठून काय फायदा? दुखायच्या आदी उठायचं."

गिऱ्हाइकं कुरकुरली, मग सवयीनं थांबायला लागली. दुखणं गेलं नाही. ते घरातल्या म्हाताऱ्या नातेवाइकासारखं कोपऱ्यात बसून राहिलं, खोकलं तर ऐकायचं, नाहीतर आपलं काम करायचं. पण हे सगळं नूरमहंमदनं बरं वाटावं म्हणून केलं, असं समजू नका. हात आणि कमर त्या एका दिवसासाठी तयार राहावी म्हणून त्यानं ते केलं. खिळ्याला तो दर शुक्रवारी तेल लावी.

लढाई संपली त्या साली तो दिवस आला. आबासाहेब इतकी वर्षं दुसऱ्या गावच्या नालबंदाकडं जात. तो नालबंद वारला. चार दिवसांवर जनावरांचं प्रदर्शन होतं आणि आबासाहेबांच्या खिलार बैलाच्या पत्र्या झिजून गेल्या होत्या. भर बाजारात ते बैल घेऊन भात्यापुढं उभे राहिले. अंगानं सुटले होते, चेहऱ्यावर घाम होता.

"काय नूरभाई, बरं हाय ना?"

"लई बरं हाय. बैल पाडा."

बैल पाडला. पांढराशुभ्र, काळ्याभोर डोळ्यांचा. त्यानं नूरमहंमदकडं एकदा बघितलं आणि शांतपणे मान टाकली. नूरमहंमदनं एक पोतं घडी करून बैलाच्या मानेखाली सारलं. आबासाहेबांचे गुडघे खड्यांवर टेकले होते. त्यांना पोतं दिलं नाही.

मग त्यानं टोपीतून तो खिळा काढला आणि आबासाहेबांच्या नाकापुढं धरला.

"ह्यो वळखून ठेवा. चार वर्सं झाली, तुमच्याच बैलासाठी घडवलाय. माझ्या ओठात ऱ्हाईल. आज दोर ढिला झाला, की पैला ह्योच आत जाईल. मंग प्रदर्शनाला तीन पायांचा बैल न्या."

आबासाहेबांची मूठ पांढरी पडली. भोवती माणसं जमली होती. कुणी हसलं नाही.

पहिल्या पायाच्या दोन पत्र्या झाल्या. नूरमहंमद उठला आणि हिवराकडं चालायला लागला.

"अरं, कुटं निघालास?"

"दोन पत्र्या झाल्या. आता चालायचं. आमच्या घरातला कायदा हाय."

तो गेला, आला. दुसरा पाय झाला, पुन्हा गेला. बैलाची कूस त्यानं प्रेमानं बदलून दिली. मालकाला कूस बदलता येईना. सूर्य माथ्यावर आला. तिसऱ्या पायानंतर तर नूरमहंमदनं ओठातला खिळा तेवढ्यापुरता टोपीत खोचून हिवराखाली बसून चहा घेतला, बशीत ओतून, फुंकर मारत.

"नूरभाई, उरक की रं बाबा! कंबर गेली माझी!"

"आबासाहेब, हात घसरू देऊ नका," तो तिथूनच ओरडला. आता मात्र सगळा बाजार हसला.

चौथा पाय झाला. बैल झटकन उठला आणि सरळ, डौलात चालला. आठ पत्र्यांत एकही खिळा तिरका नव्हता. बैलाशी त्याचं वैर नव्हतं. आबासाहेबांना मात्र दोघांनी बगलेत धरून गाडीत घातलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कारभारी नावाचा त्यांचा गडी दारात आला. "मालकांची कंबर धरलीय. कूस वळता येईना. त्यांनी इचारलंय, नूरभाईंनी काय औषध केलं?"

नूरमहंमदनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "सांग त्यांना, अजिबात हलायचं न्हाई. बाजेवर पडून ऱ्हायचं, आन सकाळपास्नं दिवे लागूस्तवर माझं नाव घ्यायचं."

"एवढंच?"

"एवढंच. चुकायचं न्हाई म्हनावं."

कारभारी निरोप पुटपुटत गेला, विसरू नये म्हणून. नूरमहंमद हसायला लागला. इतका हसला, की डोळ्यांतून पाणी आलं आणि कमरेत कळ उठली. चुलीपुढून सरवरीनं मान वर केली.

"उलटं सांगितलंत."

"व्हय."

"चार म्हैने पडू द्या त्याला," ती भाकरी उलटत म्हणाली. "तुमी पडला हुता तेवढं. मंग त्याच्या बायकोला, भीमाबाईला, मी खरं औषध सांगून धाडीन." तव्यावरची भाकरी टम्म फुगली. "आता पुरं. आजचं हसू संपलं. उरलेलं उद्या. चालायला निघा."

त्यानं टोपी डोक्यावर घातली. दुमडीत खिळा होता तो चाचपून बघितला, आणि एक हात कमरेवर ठेवून तो हिवराकडं निघाला.