पाचवा देव

चीनच्या लढाईत आमच्या गावचा एक जवान पडला. त्याला दोन वर्षं होत आली, तेव्हा कुठं ग्रामपंचायतीला त्याची आठवण झाली. शाळेच्या भिंतीत त्याच्या नावाची फरशी बसवायची, सव्वीस जानेवारीला समारंभ करायचा आणि त्यात त्याचं चरित्र वाचायचं, असं ठरलं. दारव्हा तालुक्यातल्या त्या गावात मी मास्तर होतो, तेव्हा चरित्र साहजिकच माझ्या गळ्यात पडलं.

मी बदलून येण्याआधीच तो फौजेत गेला होता, त्यामुळं मी त्याला पाहिलेलं नव्हतं. विचारायला निघालो तर जो तो तिखटमीठ लावून सांगे. एक म्हणे त्यानं वीस शत्रू लोळवले, दुसरा म्हणे पन्नास. "तुम्ही होता काय तिथं मोजायला?" असं मी एकाला हॉटेलात सुनावलंही. माझा स्वभाव पहिल्यापासून तिरसट, आणि ज्याला कुणी जिवंतपणी ओट्यावर बसवलं नाही त्याची आता चाललेली आरती मला ऐकवेना.

मग मीच शोध घेतला. शाळेच्या दाखल्यात तो चौथी पास निघाला. दिग्रसच्या कापसाच्या जिनात तो दोन हंगाम कामाला होता. तिथला मुकादम म्हणाला, "कापसाच्या धुळीनं खोकून राह्यला होता, पण पाळी नाही चुकोली. दुसरा आजारी पडला तं त्याचीही करे." एवढं एक वाक्य मला त्या पन्नास शत्रूंपेक्षा जास्त आवडलं.

राहिली त्याची आई. बौद्धवाड्यात ती एकटी राहत होती. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा तिनं पाणी दिलं आणि "काही लिवू नका, गुर्जी," एवढंच म्हणून वाटेला लावलं. तिसऱ्यांदा मात्र मी हटलो नाही, तेव्हा ती म्हणाली, "माह्या लेकाले मीच मारलं."

नागपूरच्या दीक्षेनंतर वाड्यातल्या लोकांनी आपापल्या घरचे देव अडाण नदीत सोडायचे ठरवले होते. तिचा मुलगा तेव्हा अठराचा. त्यानंच घरोघरचे देव धोतराच्या फडक्यात गोळा केले. त्यांच्या घरी पाच टाक होते, म्हणजे देवाची मूर्ती उठवलेले चांदीचे लहानसे पत्रे. तो यायच्या आत आईनं त्यातला मरीमायचा, म्हणजे पटकीच्या देवीचा, टाक उचलला आणि तुरीच्या मडक्यात खोल खुपसला. उरलेले चार त्याच्या हाती दिले, आणि पांढरं लुगडं नेसून त्याच्या शेजारी हात जोडून प्रतिज्ञा घेतल्या.

"दोन लेकरं हैजानं गेलती माही," ती म्हणाली. "ह्या एकाले मरीमायनंच ठेवलं असं वाटे मले. तिले कशी पाण्यात टाकू? मडक्यात कोंडली म्हून देवी कोपली असन तरी पाप माहंच. आन देवी नसनच, तं लेकाले फसोलं हे पाप हायेच. त्याले मालूम पडलं असतं तं त्यानं माहं तोंड पाह्यलं नसतं."

माझ्या यवतमाळच्या घरी देव्हारा शाबूत होता; देव सोडायला किती बळ लागतं हे मला कधी कळायची पाळीच आली नव्हती. मी घरी आलो आणि चरित्राचा कागद बाजूला ठेवला. ही बाई याच समजुतीत मरणार, हे काही केल्या मनातून जाईना.

त्याच्या पलटणीतला एक जवान राळेगावकडं राहतो असं कळलं होतं. रजा टाकली, एसटीनं राळेगाव गाठलं आणि तिथून भाड्याच्या सायकलनं त्याचं गाव. तो अंगणात बाजेवर बसला होता. बर्फानं त्याच्या दोन्ही पायांची बोटं गेली होती.

"त्यानं किती मारले ते मले नाही मालूम, गुर्जी," तो आपणहून म्हणाला. "मले हे मालूम हाये, का माहे पाय लाकूड झालते तवा तो सकाळपासून ते मांडीवर घेऊन चोळत होता. मंग जखमी लोक खाली नेऊन राह्यले होते, त्यात मले बसोलं. तो वर राह्यला. तिथून मंग कोणीच वापस नाही आलं."

मी भीत भीत आईची गोष्ट काढली. तो हसला. "देवाची ना? मालूम हाये मले. पाय चोळता चोळता त्यानंच सांगतलं. फडक्यात चारच देव आले तवाच त्याच्या ध्यानात आलं. पुढं सुट्टीवर गेला, तं पाचवा मडक्यात हाताले लागला. त्यानं तो तसाच ठेवला."

"काहीच बोलला नाही आईला?"

"मीही तेच पुसलं, काहून नाही बोलला म्हणून. तं म्हणे, मले समजलं म्हणून मी सोडले. मायले समजन तवा ते सोडन. तिच्या हातून हिसकला तं तो देव तिच्या मनातून जात नाही, निसता नदीत जाते."

चौथी पास माणूस! आयुष्यभर मी मुलांना शिकवत आलो, पण दुसऱ्याला त्याच्या वेळेनं शिकू देण्याचा हा मोठेपणा माझ्यात कधी नव्हता. त्या अंगणात मला माझी लाज वाटली, आणि कधीही न पाहिलेल्या त्या माणसाबद्दल इतका जिव्हाळा वाटला की सायकलवर बसल्यावर डोळे पुसावे लागले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"त्याले मालूम होतं?"

"पहिल्या दिवसापासून, माय."

"आन तरी माह्या हातचं जेवला," ती म्हणाली. तिचा चेहरा सैल झाला. "सुट्टी संपली तवा गळ्यात पडून गेला. म्हंजे रागात नाही गेला तो."

"नाही, माय."

मला वाटलं, माझं काम झालं. मी उठायला लागलो तशी तिनं माझं मनगट धरलं.

"गुर्जी, त्यानं दुसऱ्याचे पाय चोळले. त्याचे कोनी चोळले?"

काहीतरी बरं वाटेल असं बोलून टाकावं, असं फार मनात आलं. पण तिनं आणि त्या राळेगावकडच्या जवानानं मिळून एवढं खरं माझ्या पदरात घातल्यावर मला ते जमलं नाही.

"माहीत नाही, माय," मी म्हणालो.